मुंगीला काम असतं

मुळशी तालुक्यात पैलवान पुष्कळ झाले, सरपंच तर विचारूच नका, आणि रस्त्याकडेची जमीन विकून दारात दोन-दोन गाड्या उभ्या करणारे आता मोजण्यापलीकडे गेले. पण मुंगीला तीस वर्षं उंबऱ्याबाहेर उभं करून ठेवणारा माणूस या अख्ख्या तालुक्यात एकच, आणि तो म्हणजे आमचे भुकूमचे घरमालक. हे मी पूर्ण शुद्धीवर राहून, शपथेवर सांगते. त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही आठ वर्षं भाड्याने राहिलो. त्या आठ वर्षांत मला त्या घरात झुरळ दिसलं, पाली दिसल्या, एका पावसाळ्यात मोरीतून खेकडा वर आला आणि त्याने माझ्या नवऱ्याला पलंगावर चढवलं. शेजारच्या खाचरातून एक धामण येऊन जिन्याखाली तास-दोन तास विश्रांती घेऊन गेली, तिला घरमालकांनी हटकलंसुद्धा नाही. मुंगी मात्र दिसली नाही. म्हणजे एकदा दिसली, आणि मला सांगायचं आहे ते त्याचंच, पण तिथवर जायच्या आधी हा माणूस काय चीज आहे ते तुम्हाला कळायला हवं.

मी पौडच्या एका शाळेत शिकवते आणि नवऱ्याची कंपनी हिंजवडीला. भुकूम दोघांनाही सारखंच गैरसोयीचं, तेव्हा भांडण नको म्हणून आम्ही तिथे जागा बघायला लागलो. पहिल्या तीन घरमालकांनी डिपॉझिट विचारलं, मटण शिजवता का विचारलं, पाहुणे किती येतात विचारलं. चौथे हे. पायरीवर बसलेले, उंच, काटक, अंगात बंडी, डोक्यावर टोपी आणि नजर सतत जमिनीकडे. मला वाटलं, बाईमाणसाशी बोलायला लाजत असतील. लाजत वगैरे काही नव्हते; भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या रेघेवरून नजर फिरवत राहायची त्यांना सवयच होती. बराच वेळ आमच्या चपलांकडे बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, आम्ही गोड कितपत खातो. माझा नवरा गोडाच्या बाबतीत भलताच अभिमानी. त्याने बासुंदीपासून सुरुवात केली आणि चिरोट्यांपर्यंत आला. घरमालकांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढचा प्रश्न टाकला, "कुटं बसून खाता?"

ही अशी मुलाखत मी माझ्या नोकरीच्या वेळीही दिली नव्हती. अखेरीस अटी ठरल्या. लाडू खायचा तो मोरीच्या कठड्याशी उभं राहून खायचा. गुळाची ढेप घरात आणायची नाही, लागेल तेवढा गूळ मालकीणबाईंच्या डब्यातून न्यायचा. चहा सांडला तर पुसायचा नाही, आधी त्यांना हाक मारायची, कारण लोक पुसतात म्हणजे नुसता पसरवतात असं त्यांचं ठाम मत होतं. भाड्याचा विषय मालकीणबाईंनी मागाहून आतून काढला. किल्ली देताना त्यांनी किल्लीबरोबर सोळा वाट्या दिल्या. पलंगाच्या चार पायांना चार, कपाटाला चार, जेवणाच्या टेबलाला चार आणि उरलेल्या चार "पाहुण्यांच्या खाटंला". आमचं सगळं सामान आठ वर्षं पाण्यात पाय सोडून बसलं होतं.

त्यांचा दिवस गस्तीने सुरू व्हायचा. सकाळी चहाच्या आधी एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात डालड्याचा जुना डबा. डब्यात पांढरं सिमेंट, जेवणाचा मोडका चमचा, सायकलच्या चाकाची एक तार आणि ओलं फडकं. घराला बाहेरून एक फेरी, आतून एक फेरी. चीर दिसली की तार घालून खोली बघायची, फडक्याने पुसायची आणि चमच्याने सिमेंट दाबून अंगठ्याने असं काही गुळगुळीत करायचं की तिथे कधी चीर होती हे भिंतीलाही आठवू नये. त्या घराच्या भिंतींवर इतके अंगठे उमटलेत की कुणी मुद्दाम नक्षी काढली असं वाटावं. ही गस्त त्यांनी कुठून उचलली ते मला पुढे कळलं. त्यांची सारी हयात इंद्रायणी भाताच्या खाचरांत गेली होती. खाचराचा बांध खेकड्याच्या एवढ्याशा बिळानेही फुटतो, आणि फुटला की एका दुपारीत सगळं पाणी खालच्याच्या शेतात. म्हणून बांध रोज फिरून बघायचा, बीळ दिसलं की चिखल दाबायचा. मग मुलांनी जमीन विकायचं काढलं, खाचरांच्या जागी बिल्डिंगी उभ्या राहिल्या, आणि फिरायला बांधच उरले नाहीत. पाय मात्र उरले होते. ते त्यांनी घराभोवतीच फिरवले; घराची फेरी आधीपासून होतीच, आता बांधांचीही तिच्यात मिसळली.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे मुंग्यांचा कर्दनकाळ. मुळीच नाही. उलट मुंगी मारलेली त्यांना खपायची नाही. माझ्या नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात अंगणात एका डोंगळ्यावर चप्पल ठेवली, तर दोन दिवस ते त्याच्याशी बोलले नाहीत. त्यांचं शास्त्र वेगळं. ओळ दिसली की घाई करायची नाही. उकिडवं बसायचं आणि बघायचं. ओळीचं एक टोक म्हणजे मुंगीचं घर आणि दुसरं टोक म्हणजे तिचं काम. काम उचलून बाहेर नेऊन ठेवायचं, वाट बुजवायची, मुंगी आपणहून जाते. "मुंगी उगा येत न्हाई, बाई. मुंगीला काम असतं. ती कशाला आली त्ये आदी बगायचं," हे वाक्य मी आठ वर्षांत किमान आठशे वेळा ऐकलं असेल. शाळेत उशिरा येणाऱ्या पालकांनासुद्धा मी ते ऐकवायला लागले होते.

घराभोवती त्यांनी वीतभर रुंदीचा सिमेंटचा चर काढला होता आणि त्यात बारमाही पाणी. त्याला ते 'पाट' म्हणत. पाटावर उंबऱ्यासमोर एक फळी, ती रात्री उचलून ठेवायची. गॅस सिलिंडरवाला अंधारात एकदा त्यात पाय घालून पडला, तेव्हा घरमालक धावत बाहेर आले आणि आधी त्यांनी पाण्यात माती तर पडली नाही ना ते बघितलं. गणपतीत तर त्यांचा उत्साह ओसंडून जायचा. मोदक म्हणजे मुंगीला जाहीर आमंत्रण, म्हणून मखराखाली मोठी परात, परातीत पाणी, पाण्यात लाकडी पाट आणि त्यावर मूर्ती. लोकांचा गणपती दीड दिवसाने नाहीतर दहाव्या दिवशी पाण्यात जातो, आमचा पहिल्या दिवसापासूनच पाण्यात उभा असायचा. सत्यनारायणाच्या वेळी चौरंगाच्या चारी पायांखाली वाट्या होत्याच, पण गुरुजींच्या पुढ्यात शिऱ्याचं पातेलं येणार म्हटल्यावर त्यांनी गुरुजींच्याही पाटाभोवती ओलं फडकं पसरून ठेवलं. गुरुजी कथा संपवून उठले तेव्हा त्यांचं सोवळं मागून ओलंचिंब झालं होतं. त्यानंतर ते गुरुजी आमच्याकडे सत्यनारायणाला आले की आधी खुर्ची मागायचे.

अशा माणसाची कीर्ती पसरायला काय वेळ लागतो! त्यांच्याच खाचरावर उभ्या राहिलेल्या सोसायटीतून त्यांना बोलावणं यायला लागलं. तिथे पाचव्या मजल्यावर मुंग्या, महिन्याला फवारणी, तरी मुंग्या. घरमालक डबा घेऊन निघाले, सोबत मी कौतुकाने. लिफ्टमध्ये ते अवघडून उभे होते. म्हणाले, मुंग्यांना लिफ्ट नाही, तरी त्या येतात, म्हणजे काम मोठं असलं पाहिजे. वर गेल्यावर त्यांनी ओळ धरली, ती ओट्यावरून सिंकखाली, सिंकखालून पाइपाच्या भोकात. भोकाजवळ कुणीतरी कुत्र्याच्या बिस्किटांचं पोतं ठेवलं होतं. पोतं उचललं, भोक बुजवलं, अंगठा फिरवला, काम फत्ते. त्या घरातला मुलगा लॅपटॉप मांडीवर घेऊन हे सगळं बघत होता. त्याने अगदी आदबीने विचारलं, "काका, बट व्हॉट इज द पर्मनंट सोल्युशन? मतलब, कायमचं?" घरमालकांनी डबा बंद केला आणि म्हणाले, "रोज बगायचं. त्येच पर्मनंट." तो मुलगा ते कुठेतरी लिहून घेत होता.

एकदा त्यांच्या थोरल्या मुलाने सगळ्यांना हौसेने गाडीत घालून लवासाला नेलं, आम्हालाही घेतलं. बाकीचे तळ्याकाठी फोटो काढत होते, तर घरमालक रिकाम्या इमारतींच्या भिंती तपासत हिंडत होते. मला वाटलं, आता परत येताना चिरांचा हिशेब ऐकावा लागणार.  पण गाडीत ते मला म्हणाले, चार इमारती बघितल्या, चिरा बोटबोट रुंद होत्या, पण मुंगी एकही नाही. "मानूस न्हाई तर मुंगीबी न्हाई," एवढं बोलून त्यांनी काच वर केली. मालकीणबाई हसल्या, पण ते हसले नाहीत.

आता या सगळ्यातली खरी गंमत सांगते. मुंगीइतका गोडाचा शौकीन त्या घरात दुसरा कुणी असेल तर तो हाच गृहस्थ. चहात साखर तीन चमचे, तेही शिगोशीग भरलेले. तो चहा घरात प्यायचा नाही, हे त्यांनी स्वतःलाही बंधन घातलेलं. पाटापलीकडे फणसाच्या झाडाखाली एक दगड होता, त्यावर उभं राहून प्यायचा आणि कप तिथेच विसळायचा. पौडला तहसील कचेरीत काही काम निघालं की येताना एसटी स्टँडजवळून पेढे. ते पेढे तीन पिशव्यांत बांधून बंडीच्या आतल्या खिशात, आणि खायचे ते पुन्हा त्या दगडावरच. मी कधी गच्चीतून कपडे वाळत घालताना खाली बघावं, तर हे डोळे मिटून पेढा चघळतायत. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा इतकं सुख असायचं की मी वरून हाक मारायचं टाळत असे.

आमच्या सहाव्या वर्षी, भाताची झोडणी उरकून थंडी पडायला लागली होती, तेव्हा एका सकाळी खालून अशी हाक आली की मला वाटलं कुणी गेलं. मी धावत उतरले. घरमालक खालच्या न्हाणीत उकिडवे बसले होते, बॅटरीचा झोत कोपऱ्यावर, आणि त्या झोतात मुंग्या. काळ्या, बारीक, दोरीसारख्या एकामागोमाग. तीस वर्षांत पहिल्यांदा. मालकीणबाई दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या. त्यांना हसू येत होतं का रडू, ते मला कळेना. घरमालकांच्या डोळ्यांत मात्र जी चमक होती ती मी कधी विसरणार नाही. अपमान झाला होता, पण त्याबरोबर इतक्या वर्षांनी कुणीतरी तोलामोलाचं अंगणात उतरलंय याचा आनंदही होता. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि मला म्हणाले, आज शाळेला उशीर झाला तरी चालेल, बघून जा.

ओळीचं घर सापडायला पाच मिनिटं लागली नाहीत. ती बाहेर फणसाच्या बुंध्याशी निघून पाटाच्या खालून, पायाच्या दगडातून आत येत होती. अडचण दुसऱ्या टोकाची होती. न्हाणीच्या कोपऱ्यात, मोरीच्या तोंडाशी येऊन ती ओळ थांबत होती, आणि तिथे काहीच नव्हतं. ना साखर, ना गूळ, ना पिठाचा कण. वाट बुजवली, दुसऱ्या दिवशी शेजारून नवी वाट. ती बुजवली, तिसरी. मग त्यांनी कामाचा शोध हाती घेतला. साबणाचा वास गोड म्हणून साबण बदलला, तर मुंग्या होत्याच. मालकीणबाईंची शिकेकाई हद्दपार झाली. खोबरेल तेलाची बाटली पाण्यात उभी राहिली. शेवटी संशयाची सुई वर आली, म्हणजे माझ्यावर. मला सुती साड्या लागतात आणि साडीला खळ लागते. भाताच्या पेजेची खळ करून उरलेलं माझं पाणी त्यांच्या मोरीतून जात होतं, हे त्यांनी पाइपाचा माग काढत पुराव्यानिशी सिद्ध केलं. मी खळ बंदच केली. शाळेत मी इतकी चुरगळलेली जाऊ लागले की मुख्याध्यापकांनी एका बाजूला घेऊन घरी सगळं ठीक आहे ना विचारलं. मी सांगितलं, घरमालकांच्या न्हाणीत मुंग्या आहेत. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

मुंग्या मात्र हटेनात. वाढल्या. आणि त्या वाढत गेल्या तसे घरमालक रोडावत चालले. बंडी खांद्यांवरून लोंबायला लागली, गस्तीच्या मध्येच पायरीवर बसायचे, तांबेच्या तांबे पाणी प्यायचे. आम्ही सगळ्यांनी ते मुंग्यांच्या खाती टाकलं. माणसाने तीस वर्षं जपलेली अब्रू कोपऱ्यात जाताना बघितली की तहान लागणारच, असं मी स्वतः मालकीणबाईंना समजावलं. मी शिकलेली बाई, पण माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. एका सकाळी त्यांनी डब्यातून चमचा आणि सिमेंट काढून ठेवलं आणि बाजारातून आणलेली बोरिक पावडर भरली. मी म्हटलं, काका, तुम्हीच म्हणता ना, मुंगीला काम असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "ह्यास्नी काम न्हाई. ह्या मुद्दाम आल्यात," म्हणाले, आणि साखरेत कालवलेली पावडर त्यांनी स्वतःच्या हाताने कोपऱ्यात मांडली. शिवाय ओळीवर उकळतं पाणी ओतलं.  त्या दिवशी दगडावरचा चहाही ते अर्धा टाकून आले.

चार दिवसांनी वरच्या वाडीवरची म्हातारी आली. ती डोंगरातून वर्षातून तीन-चारदा उतरायची, कधी मध, कधी हिरडा, त्या खेपेला कुंचे घेऊन. वयाने घरमालकांपेक्षा मोठी, आणि सगळ्या जगाला अरे-तुरे करायची. मालकीणबाईंनी तिला मागच्या दाराशी चहा दिला. रविवार होता, म्हणून मीही खालीच होते. न्हाणीचं दार उघडं होतं आणि पावडर टाकूनही नव्याने लागलेली ओळ तिथून स्वच्छ दिसत होती. म्हातारीने ती बघितली. मग पायरीवर बसून तांब्या तोंडाला लावलेल्या घरमालकांकडे बघितलं. तांब्या रिकामा होईस्तोवर ती बघतच राहिली.

"हितं कोन मुततं रं?" तिने विचारलं.

मालकीणबाई शरमेने आत वळल्या. घरमालक म्हणाले, घर माझं, न्हाणी माझी, तुला काय करायचंय.

"तुलाच मुंग्या लागल्यात," म्हातारी म्हणाली. "त्या घराला न्हाई लागल्या. त्या तुज्या साकरंला आल्यात. माजा भाऊ असाच वाळून ग्येला. दवाखान्यात जा उद्याच्याला."

घरमालक उठून उभे राहिले आणि माझ्या घरात मुंग्या लागत नाहीत, म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. ते न्हाणीच्या दाराशी गेले आणि त्या ओळीसमोर उकिडवे बसले, पहिल्या दिवशी बसले होते तसे. ओळीचं एक टोक त्यांना ठाऊकच होतं. दुसऱ्या टोकाकडे ते किती वेळ बघत राहिले कोण जाणे. म्हातारी कुंचे ठेवून निघूनही गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून पौडला नेलं. आयुष्यात पहिल्यांदा बाईमाणसाच्या मागे बसायची वेळ, म्हणून त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली होती. दवाखान्यात रक्त घेतलं, तपासलं, आणि त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आकडा दोनदा वाचला. मग म्हणाल्या, बाबा, थोडक्यात वाचलात, आणखी थोडे दिवस काढले असते तर तुम्हाला झोळीत घालूनच आणावं लागलं असतं. आणि त्यांनी सहज विचारलं, शुगरची शंका आली कशावरून? घरमालक फरशीची रेघ बघत होते. मीच सांगितलं, घरात मुंग्या झाल्या होत्या. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांची आजी असंच ओळखायची, म्हणाल्या.

गोळ्या घेतल्या, पथ्याचा कागद घेतला. एसटी स्टँडजवळ पेढ्यांच्या दुकानासमोरून जाताना मी मुद्दाम स्कूटर जोरात काढली. पण पुढे त्यांनीच खांद्यावर बोट लावून थांबायला सांगितलं. मला वाटलं, चक्कर आली. ते उतरले, रस्त्याकडेला उभे राहिले आणि टोपी काढून हातात घेतली. त्या माणसाला मी टोपीशिवाय कधी बघितलं नव्हतं.

"सांगाया आल्या व्हत्या, बाई," ते म्हणाले. "आन् मी मारल्या."

मी त्यांची समजूत घालायला गेले, तर मला रडूच आलं. मग त्यांनी टोपी घातली आणि आम्ही घरी आलो.

त्यांचं पथ्य म्हणजे मालकीणबाईंच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस. तीस वर्षं वाट्यांचं पाणी बदलायला लावणाऱ्या नवऱ्यावर त्यांना पहिल्यांदा हुकूम चालवायला मिळत होता. चहा बिनसाखरेचा, भात मोजून, पेढा बंद. घरमालकांनी कुरकुर केली नाही. महिन्या-दोन महिन्यांत अंगावर मांस दिसायला लागलं, गस्त पुन्हा सुरू झाली, आणि मलाही खळीची परवानगी मिळाली. गस्तीची सुरुवात मात्र आता न्हाणीपासून व्हायची. कोपऱ्यात बॅटरी मारायची, नीट बघायचं, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बायकोला सांगायचं, न्हाई आल्या. पूर्वी हे वाक्य ते गुर्मीत बोलायचे. आता ऐकून मालकीणबाई हातातलं काम थांबवून देवाकडे बघायच्या.

आणि एक नवी गोष्ट. रोज सकाळी बिनसाखरेचा कप घेऊन ते दगडापाशी जात, तेव्हा दुसऱ्या हातात एक बशी असे. बशीत साखर, तीन चमचे, शिगोशीग भरलेले. ती साखर ते पाटापलीकडे फणसाच्या बुंध्याशी, पायाच्या दगडाकडे जाणाऱ्या त्या जुन्या वाटेच्या तोंडाशी ठेवत. पुण्य म्हणून मुंग्यांना साखर घालणारे मी पुष्कळ बघितलेत. यांना पुण्याबिण्याशी कर्तव्य नव्हतं. माझी आहे, त्यांना दिली, एवढंच म्हणायचे. मग दगडावर उभं राहून तो फिका चहा पीत आणि मुंग्या खाताना बघत. डोळे मिटत नसत.

दोन वर्षांपूर्वी आम्ही हिंजवडीकडे अकराव्या मजल्यावर राहायला आलो. निघताना मी सोळा वाट्या मोजून परत केल्या, तर त्यातल्या चार त्यांनी पुन्हा माझ्या पिशवीत टाकल्या. त्या वापरायची वेळ आली नाही. इथे पाली नाहीत, खेकडे नाहीत, मुंगीचा तर प्रश्नच नाही, आणि मला उगीचच लवासाच्या त्या इमारती आठवायच्या.

गेल्या आठवड्यात सकाळी डबे भरताना मला ओट्यावर ओळ दिसली. अकरा मजले चढून आलेली, बारीक, काळी. इतका आनंद झाला मला! हातात फडकं होतं, ते तसंच धरून मी फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं, काका, आमच्याकडे मुंग्या आल्या. मला वाटलं होतं, ते विचारतील भोक कुठे आहे, सिमेंट आहे का घरात. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"कुटं आल्यात, बाई? वट्यावर का न्हाणीत?"

ओट्यावर, मी म्हटलं. साखरेच्या डब्याशी. न्हाणीत एकही नाही, मी बघून आले.

त्यांनी सोडलेला श्वास मला फोनमधून ऐकू आला.

"मंग बरं हाय," ते म्हणाले. "लगीच पुसू नका. त्यास्नी खाऊ द्या जरा."

मी फडकं बाजूला ठेवलं. त्या दिवशी शाळेला उशीर झाला.